मानेवरच्या रेघा

माझी मुलगी सहा वर्षांची असताना रोज सकाळी उठली की ओकायची. ओकून झालं की तिला मोकळं वाटायचं. मग दूध प्यायची, वेण्या घालून घ्यायची आणि शाळेत जायची. त्यामुळे महिना-दीड महिना आम्ही सगळा दोष जंतांवर ढकलला. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, मी वावडिंगाचा काढा पाजला, पण सकाळ काही चुकली नाही.

आम्हाला नागपूरला येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. यांची नोकरी रेल्वेच्या टपालात. चालत्या गाडीच्या डब्यात उभं राहून पत्रं निवडायची, दोन दिवस गाडीवर आणि दोन दिवस घरी. मी मालवणच्या बाजूच्या खाडीकाठची. पाचवीनंतरची शाळा खाडीपलीकडे होती, आणि मुलीला रोज होडीत कोण बसवणार, म्हणून माझं शिकणं तिथंच थांबलं. लग्नाआधी मी कणकवलीच्या पुढे गेले नव्हते. नागपूर म्हणजे माझ्या हिशेबी दुसरा देशच.

महाल भागात आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. पुढच्या भागात मालकीणबाई राहायच्या. त्या नरखेडकडच्या शेतकरी घरातल्या. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांच्या नवऱ्यानं शहरात घर बांधलं. मुलं शिकली आणि नोकऱ्यांवर निघून गेली, नवरा गावी संत्र्याच्या बागेत रमला, आणि या इकडे एकट्या उरल्या. मी त्यांना काकू म्हणायची. त्यांची भाषा मला पहिले सहा महिने अर्धीच कळत होती, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. मला एखादं वाक्य कळलं नाही तर त्या तेच आणखी मोठ्यानं म्हणायच्या.

पुढे मुलगी चालताना भिंत धरायला लागली. गल्लीतली पोरं ‘पावशेर मारून आली’ म्हणून हसायची, आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची. शाळेच्या बाईंनी निरोप पाठवला की ती फळ्याकडे मान वाकडी करून बघते, डोळे तपासून घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक दिव्यानं तिच्या डोळ्यात पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग यांना विचारलं, हिला सकाळी ओकारी होते का? ओकारीबद्दल आम्ही त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरला ते कसं कळलं, याचंच मला आधी नवल वाटलं. भीती नंतर वाटली, मोठ्या सरकारी दवाखान्यात आजच न्या असं ते म्हणाले तेव्हा.

तिथं तिच्या डोक्याचे फोटो काढले, कण्यातून हवा सोडून पुन्हा काढले. मेंदूच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, गाठ होती. ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा तिच्या डोक्यावर पांढरा फेटा होता आणि तिनं पहिलं काय विचारलं असेल तर वेण्यांना बांधलेल्या लाल रिबिनी कुठं आहेत.

गाठ काढली म्हणजे संपलं, असं मी धरून चालले होते. दहा-बारा दिवसांनी वॉर्डातल्या एका डॉक्टरबाईंनी आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्या म्हणाल्या, तपासणीचा निकाल आला आहे, गाठ कॅन्सरची आहे. मी त्यांना सांगितलं की बाई, काहीतरी घोटाळा झालाय. कॅन्सर मला ठाऊक होता. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला, होडी हाकणाऱ्याला, झाला होता, गालात. तो जन्मभर तंबाखू खायचा. माझ्या मुलीनं तर सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. मुलांचा कॅन्सर वेगळा, त्यात कुणी काही खाल्लेलं नसतं, कुणाचं काही चुकलेलं नसतं, असं त्यांनी सांगितलं. मग समजावलं, की मेंदूत आणि कण्यात एक पाणी फिरत असतं. गाठीनं त्याची वाट अडवली होती, पाणी तुंबलं होतं, म्हणून सकाळी ओकारी यायची. आता वाट मोकळी झाली आहे. पण त्या गाठीचे डोळ्यांना न दिसणारे कण त्याच पाण्याबरोबर खाली कण्यापर्यंत गेले असू शकतात. ते सुरीनं काढता येत नाहीत. त्यासाठी डोक्याला आणि पाठीला शेक द्यायचा. मशीनचा, न दिसणाऱ्या किरणांचा.

हे मान हलवत होते. पण मला कळलंय की नाही, हे डॉक्टरबाई माझ्याच तोंडाकडे बघून ठरवत होत्या. मी विचारलं, म्हणजे लव्हाळ्यासारखं का? त्यांना लव्हाळा माहीत नव्हता. मी सांगितलं, आमच्या भातशेतीत उगवतो. वरून उपटला तर हातात येतो, पण त्याच्या मुळाला मण्यांसारख्या बारीक गाठी असतात, त्या चिखलात राहतात. पाटाच्या पाण्याबरोबर खालच्या कुणग्यात, म्हणजे खालच्या वाफ्यात, जातात आणि तिथं उगवतात.  डॉक्टरबाई म्हणाल्या, हो, तसंच. पाचवी शिकलेल्या बाईला मेंदूतली एवढी मोठी गोष्ट आपल्या परीनं कळली, याचा त्या क्षणी मला आनंद झाला होता. लाज वाटावी असा तो आनंद, पण झाला होता.

घरी आल्यावर मात्र मी तिचं ताट-वाटी वेगळी ठेवू लागले. कुणी सांगितलं नव्हतं, पण कॅन्सर शब्द कानात बसला होता. काकूंनी ते दुसऱ्याच दिवशी पाहिलं. तिच्या ताटातला उरलेला वरणभात उचलून त्यांनी माझ्यासमोर खाल्ला, वर बोट चाटलं आणि म्हणाल्या, “मीठ कमी हाय वं.” पुढे डॉक्टरबाईंनीही सांगितलं की हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण ताटं त्याआधीच एक झाली होती.

शेकाच्या पहिल्या दिवशी तिच्या भादरलेल्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीच्या कण्याशेजारून जांभळ्या शाईनं रेघा ओढल्या. शिंपी कापडावर खडूनं खुणा करतो तशा. या रेघा पुसायच्या नाहीत, साबण नाही, तेल नाही, डोक्यावरून पाणी नाही, ओल्या फडक्यानं हातपाय तेवढे पुसा. किरण कुठं पडायचे ते रेघांवरून ठरतं, हे मशीनवाल्या दादांनी मला दोनदा बजावलं.

मग तिला पालथं झोपवलं आणि आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. ते दार मी विसरणार नाही. तिजोरीला असतं तसं जाड, आणि आतमध्ये सहा वर्षांचं लेकरू एकटं. ती उठून बसली. पुन्हा झोपवलं, पुन्हा उठली, मला हाका मारत सुटली. त्या दिवशी शेक झालाच नाही. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. रोज गुंगीचं इंजेक्शन देऊन झोपवणं या मुलीला आत्ता बरं नाही, आणि हलली तर किरण भलतीकडे जातील. ती आपणहून निश्चल पडली पाहिजे. हे काम तुमचं.

रिक्षातून घरी येईपर्यंत मी विचार करत होते. आदल्या वर्षी नागपूरला येण्याआधी तिनं आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या होड्या पाहिल्या होत्या. समुद्र खवळला की होड्या वर ओढून घेतात आणि माडाच्या झावळ्यांनी शाकारून ठेवतात. मी तिला विचारलं, त्या होड्या आठवतात का. आठवत होत्या. पावसात उठून पळतात का गं त्या? ती म्हणाली, होड्यांना पाय कुठं असतात. मग मी म्हटलं, उद्या तू होडी. वर आभाळ गडगडलं तरी होडी हलत नाही. मी किनाऱ्यावरच आहे, गडगडाट थांबला की येते आणि तुला पाण्यात ढकलते.

दुसऱ्या दिवशी ती दारापाशी मशीनवाल्या दादांना म्हणाली, “मला हात लावू नका, मी होडी आहे.” आणि पडून राहिली. जाड काचेच्या लहान खिडकीतून मला तिची फक्त टाच दिसत होती. मी टाचेवर डोळे लावून उभी. टाच हलली नाही.

त्यानंतर रोज तसंच. काकूंना मात्र होडी पटेना. त्यांनी समुद्रच पाहिला नव्हता. एवढी मोठी लाकडाची होडी नुसती झोपवून ठेवतात म्हणजे आळशी लोक, असं त्यांचं मत. त्यांनी तिला लाकडी बैलाची जोडी आणून दिली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात लहान मुलांचा तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि लोक त्यांच्या हातावर खाऊ-पैसे ठेवतात. आमच्या कोकणात हे नाही. मुलीला त्या बैलांशिवाय दुसरं काही सुचेनासं झालं होतं. शेकानं ती दमायची, खाल्लेलं टिकायचं नाही, मानेची कातडी काळवंडून कोरडी पडली होती, पण बैलांच्या शिंगांना बेगड लावायला बसली की तासभर बसायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेक करून आम्ही दुपारी घरी आलो. हे गाडीवर गेलेले. रॉकेल आलंय असं कळलं म्हणून तिला काकूंकडे ठेवून मी डबा घेऊन रांगेत गेले. परत आले तर मागच्या अंगणात काकू पाटावर, समोर दोन लाकडी बैल, आणि बैलांच्या मधोमध दोन्ही हात जमिनीला टेकून माझी मुलगी. वाटीत लोण्यात कालवलेली हळद. पातेल्यात कोमट पाणी. काकू पळसाच्या पानानं तिच्या मानेवर ती हळद हलक्या हातानं चोळत होत्या आणि म्हणत होत्या, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मुलगी मला बघून म्हणाली, “आई, माझे खांदे शेकले.”

मानेवर एक रेघ शिल्लक नव्हती. डोक्याचीही मागची बाजू पिवळी झाली होती. रॉकेलचा डबा मी कुठं ठेवला मला आठवत नाही. ओरडले नाही, तेवढं आठवतं. खाली बसले आणि नुसतं म्हटलं, काकू, रेघा.

त्यांना आधी कळेना. मग कळलं, तसा हातातला पळस गळून पडला. त्यांच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून घासलेली मान कोमट पाण्यानं धुवायची, लोणी-हळद लावायची आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. जन्मभर त्यांनी हे पाहिलेलं.

“जू वागवून वागवून बैलाची मान काळी पडते, म्हनून आपन ती शेकतो,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. “हिची मान त तशीच झाली होती वं माय. मंग मले वाटलं, बैलाची शेकतो अन् लेकराची काहून नाही शेकाची?”

मुलगी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला तशीच उचलली आणि रिक्षा करून दवाखाना गाठला.

मशीनची खोली बंद झाली होती. डॉक्टरबाई वॉर्डात सापडल्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं, रेघा, लोणी, हळद, बैल. त्यांनी मुलीची मान वाकवून पाहिली, वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्या अमरावतीकडच्या. म्हणाल्या, आमच्या घरीही आजच शेकतात.

मग त्यांनी मला नीट सांगितलं. मोजमापं लिहिलेली आहेत, फोटो आहेत, रेघा पुन्हा ओढता येतात. पोळ्यासाठी दोन दिवस मशीन बंदच आहे, त्यामुळे शेक चुकणार नाही. पण लोण्याचा अंशही राहता कामा नये, ओशट कातडी किरणांनी जास्त भाजते. साध्या पाण्यानं धुवायचं, चोळायचं नाही.

माझं पाऊल तिथून निघेना. इतक्या दिवसांत मी त्यांना बरंच विचारलं होतं, ताट-वाटी, अंगावरचे किरण घरात उतरतात का, केस येतील का. जे विचारायचं ते सोडून. मी म्हटलं, बाई, रेघ बोटभर सरकली असती तर?

“तर जिथं शेक हवा तिथं पडला नसता, आणि नको तिथं पडला असता.”

“आणि नीट पडला तर वाचेल का ती?”

मुलगी माझ्या कडेवरच होती, डॉक्टरबाईंच्या गळ्यातल्या नळीशी खेळत. त्यांनी ती नळी काढून तिच्या हातात दिली आणि माझ्याकडे पाहिलं.

“मी हो म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “नाही पण म्हणणार नाही. काही मुलं वाचतात. वाचलेली जी मी पाहिली, त्यांचा शेक पुरा झालेला होता. ही नीट पडून राहते आहे. पुरा करू या.”

घरी येताना मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. खोटा धीर कुणी दिला असता तर मी रात्रभर तो उलटसुलट करून बघत बसले असते. हे वाक्य तसं करण्याजोगं नव्हतं. हाताला धरायला काठी मिळावी तसं ते होतं.

काकू दारातच उभ्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, पाणी तापवा. कितीतरी आठवड्यांनी त्या संध्याकाळी मी माझ्या लेकीला डोक्यावरून न्हाऊ घातलं. काकू तांब्यानं पाणी ओतत होत्या आणि मी हात फिरवत होते, चोळायचं नाही म्हणून नुसता तळवा. तिच्या टकलावरून, मानेवरून, कण्याच्या एकेका मणक्यावरून पिवळं पाणी आणि मागोमाग जांभळं पाणी खाली गेलं. पाठीवरच्या रेघाही गेल्या, जाऊ दिल्या, पुन्हा ओढायच्याच होत्या. तिनं डोळे मिटून तोंड वर केलं होतं. आणखी, आणखी म्हणत होती. पातेलं संपलं तेव्हा काकूंनी दुसरं चढवलं.

पोळ्याला काकूंनी पुरणाचा स्वयंपाकच मांडला नाही. मी जाऊन म्हटलं, काल आवतन दिलंत ना, मग जेवायला कुठं यायचं? तेव्हा कुठं त्यांनी डाळ शिजत घातली. दुसऱ्या दिवशी मुलगी डोक्याला रुमाल बांधून बैल घेऊन गल्लीत निघाली, एक हात काकूंच्या हातात. पावशेर म्हणणारी पोरं रांगेत तिच्या पुढेच होती. काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, तेवढं पुरलं.

मशीन सुरू झालं त्या दिवशी काकू हट्टानं बरोबर आल्या. रेघा ओढून होईपर्यंत त्या मशीनवाल्या दादांच्या खांद्यामागून बघत होत्या. “नीट ओढजो गा बाबू,” त्यांनी सांगितलं. दादा म्हणाले, तुम्हीच पुसल्या ना, काकू? मग मुलगी आत गेली, ते जाड दार लागलं, आणि काकूंनी माझा दंड धरला. आतला आवाज थांबेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. दंडावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते.

पुढे तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणून मध्ये काही दिवस थांबावं लागलं. ते दिवस मला शेकाच्या दिवसांपेक्षा जड गेले. पण शेक पुरा झाला. नंतर दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं. प्रत्येक वेळी आधीचे आठ दिवस मी जेवत नसे, आणि डॉक्टरबाई तपासून ‘ठीक’ म्हणाल्या की दवाखान्याबाहेर बसून दोन समोसे खात असे.

दोनेक वर्षांनी यांची बदली रत्नागिरीला करून मिळत होती. त्यासाठी मीच नागपूरला आल्यापासून देवाला साकडं घालत होते. यांनी विचारलं, काय करायचं. गावी आई होती, खाडी होती, माझी भाषा होती. मी म्हटलं, नको. मुंबईला दाखवता येईल, असं डॉक्टरबाईंनीही सांगितलं होतं, तरी नको. जिथं ती वाचत होती तिथून तिला हलवायची माझी छाती नव्हती. आमच्या सोबत आणखी दोन मुलं शेकाला यायची. त्यातलं एक पुढच्या पोळ्याला नव्हतं. त्याच्या आईला मी अजून स्वप्नात बघते.

शेकाची किंमत मुलीनं मोजली. तिची उंची वाढायची थांबली. हिशेब तिला उशिरा कळतो, उजवा हात थरथरतो, चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरते. पण ती आहे.

तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष. ती पंधराची झाली तेव्हा डॉक्टरबाईंच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. त्या दिवशी त्यांनी तिला तपासलं, खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, “आता यायचं काम नाही. काही वाटलं तरच या.”

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी जीव टांगलेला, ते ऐकून मला आनंद व्हायच्या ऐवजी भीतीच वाटली. मी त्यांना विचारलं, काही वाटलं नाही तरी आलं तर चालेल का? म्हणाल्या, या की, चहा प्यायला या. मी तरी उठेना. त्यांचे आभार कसे मानायचे, तेच मला सुचत नव्हतं. जे मनात होतं त्याला पाचवीपर्यंतच्या शाळेत शब्द नव्हते, पुढच्या शाळेत असतील असंही वाटत नाही.

मुलगी दारात उभी होती. नागपुरात वाढलेली, काकूंच्या हाताखाली तयार झालेली तिची भाषा. तिनं माझा पदर ओढला.

“चाल ना वं आई,” ती म्हणाली. “मले भूक लागून राहिली.”